सुदृढ पहारेकरी

सरकारी नियम कोऱ्या कागदावर लिहिले जातात असं ज्यांना वाटतं, त्यांना खुशाल तसं वाटू द्यावं. तेवढीच त्यांना झोप शांत लागते. मसुदा शाखेत कोरा कागद फक्त चहाच्या पेल्याखाली ठेवायला लागायचा. नवा नियम हवा असला की कपाटातून एक जुना नियम काढायचा, त्यातला जुना शब्द खोडायचा, वर नवा लिहायचा आणि फाइल पुढे सरकवायची. मोटारींचे नियम घोडागाड्यांच्या नियमांवरून निघाले होते, घोडागाड्यांचे होड्यांच्या, आणि होड्यांचे कशावरून निघाले हे ज्याला ठाऊक होतं तो कारकून निवृत्त होऊन पेन्शनची वाट बघता बघता वारला होता. तेव्हा इंटरनेटचे नियम लॉजच्या नियमांवरून निघाले, यात आश्चर्य करण्यासारखं काही नाही. आश्चर्य करायचंच तर त्यातल्या नवव्या कलमाचं करावं, आणि ज्याने ते तिथे ठेवलं त्या माणसाचं.

त्या माणसाला सगळे परंतु म्हणत. लॉ कॉलेजच्या पहिल्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नाव विचारलं, तेव्हा त्याने नाव सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाला, "परंतु दाखल्यावर वेगळं आहे." त्या दिवसापासून त्याचं खरं नावही गेलं आणि दाखल्यावरचंही. आई लवकर गेल्यामुळे त्याला चौदा वर्षांनी मोठ्या ताईने वाढवलं होतं. ती टेलिफोन खात्यात होती, आणि "हा नंबर सध्या व्यस्त आहे" हे वाक्य दिवसातून तीनशे वेळा बोलून घरी आल्यावर भावाचे निबंध तपासायची.

वकिलीची सनद मिळाल्यावर परंतुने तीन वर्षं कोर्टात काढली. या काळात त्याने ज्येष्ठ वकिलांचा काळा कोट हातावर घेऊन उभं राहण्याची कला आत्मसात केली आणि एक खटला जिंकला. तोही समोरचा वकील आला नाही म्हणून. पुढच्या खटल्यात समोरचा वकील आला. त्यानंतर परंतुने सरकारी नोकरीचा अर्ज भरला.

मसुदा शाखा तिसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, दोन्ही भिंतींना कपाटं आणि मध्ये आठ टेबलं. वरची ट्यूबलाइट इतकी वर्षं फडफडत होती, की नव्या माणसाला महिनाभर डोळ्यांचा त्रास व्हायचा आणि मग आयुष्यभर स्थिर उजेडाचा. शाखेच्या प्रमुखाला सगळे खोडरबर म्हणत. बारीक, स्वच्छ, कडेने झिजलेला म्हातारा. त्याने चाळीस वर्षांत स्वतःचं एकही वाक्य लिहिलं नव्हतं आणि त्याच्या हाताखालून गेलेल्या वाक्यांवर अख्खं राज्य चालत होतं.

"मसुद्यात एक कलम मूर्खासारखं हवं," खोडरबर त्याला पहिल्याच आठवड्यात म्हणाले.

"मुद्दाम?"

"मुद्दाम नाही तर काय? चुकून आलेलं कुणाला दिसत नाही. मुद्दाम ठेवलेलं ठळक दिसलं पाहिजे. अरे, साहेबलोकांच्या हातात मसुदा आला की त्यांच्या लाल पेनाला भूक लागते. काहीतरी कापल्याशिवाय त्यांना काम केल्यासारखं वाटत नाही. तू त्याला खायला काही ठेवलं नाहीस तर ते पेन चांगलं कलम खातं. म्हणून त्याच्यापुढे एक टाकायचं. आम्ही त्याला कापायचं कलम म्हणतो."

"परंतु त्यांनी ते कापलंच नाही तर?"

खोडरबरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "इतका मूर्ख साहेब अजून व्हायचाय."

तो व्हायला आणखी आठ वर्षं लागली. तोवर खोडरबर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर परंतु बसला होता.

झालं असं, की मंत्र्यांच्या फोटोला इंटरनेटवर कुणीतरी गाढवाचे कान लावले. कान बरे जमले होते, त्यामुळे फोटो फार फिरला. मंत्री म्हणाले, इंटरनेटला नियम पाहिजेत, आणि आठ दिवसांत पाहिजेत. गाढवाच्या कानांमुळे का होईना, देशाला इंटरनेट धोरण मिळणार होतं. परंतुने कपाटं धुंडाळली आणि लॉजचे नियम काढले. विचार केला तर ते चपखल होते. लोक येतात, थोडा वेळ थांबतात, नाव खोटं सांगतात, खोलीत काय करतात ते मालकाला माहीत नसतं आणि भांडण झालं की मालक हात वर करतो. त्याने कॉम्प्युटरला सांगितलं, जिथे जिथे 'निवासगृह' आहे तिथे 'संकेतस्थळ' घाल, आणि 'पाहुणा' आहे तिथे 'वापरकर्ता'. पाहुण्याने चिखलाचे पाय गादीवर ठेवू नयेत, असलं काही उरलं ते त्याने हाताने काढलं.

पण आठवं कलम त्याने खरोखर मन लावून केलं. कुणीही लिहिलेला मजकूर त्या माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय काढता येणार नाही, असं ते होतं. साधं, दोन ओळींचं. ते साहेबांच्या लाल पेनातून वाचावं म्हणून त्याने त्याच्या शेजारी नववं तसंच राहू दिलं: 'प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रवेशद्वारी एक सुदृढ पहारेकरी रात्रंदिवस जागता ठेवावा, व त्याने प्रत्येक वापरकर्त्याचे पूर्ण नाव, पत्ता व येण्याजाण्याची वेळ नोंदवहीत लिहावी.' इतकं ठळक, की आंधळ्यालाही दिसावं.

मोठे साहेब वाचत होते. परंतु समोर उभा होता. पेन आठव्यावर थांबलं.

"हे कशाला? ऐकत बसलो तर काढणार कधी?" साहेबांनी आठव्यावर लाल रेघ ओढली. मग ते नवव्यावर आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे परंतुने त्या खोलीत त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते समाधान होतं. "हे मात्र उत्तम. हे कुणाला सुचलं?"

"साहेब, परंतु..."

"परंतु काय?"

वास्तविक सांगायचं होतं ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्या वाक्याचा अर्थ असा झाला असता, की साहेब, इतकी वर्षं आम्ही तुमच्यापुढे खाऊ टाकतो आणि तुम्ही तो खाता. निवृत्तीला अठरा वर्षं बाकी असलेला माणूस असलं वाक्य बोलत नाही.

"काही नाही, साहेब," परंतु म्हणाला.

नियम छापून आले आणि देश दोन दिवस हसला. व्यंगचित्रकारांनी कॉम्प्युटरच्या पडद्याला दार काढून बाहेर काठीवाला माणूस उभा केला. मग कुणीतरी कोर्टात गेलं, आणि हसू तिथे थांबलं. कायद्यात एकही शब्द उगाच येत नाही, असं कोर्टाने तीन वर्षांनी अडतीस पानांत सांगितलं. पहारेकरी म्हणजे हाडामासाचा माणूस. सुदृढ म्हणजे डॉक्टरचा दाखला असलेला. जागता म्हणजे ज्याचे डोळे उघडे आहेत असा. परंतुने ते निकालपत्र आपल्या टेबलावर बसून वाचलं, आणि स्वतःच्या आळसाचा इतका गंभीर अर्थ निघालेला पाहून त्याला पहिल्यांदा भीती वाटली. नंतर बरं वाटलं.

कारण आता लोक त्याला बोलवायला लागले होते. नवव्या कलमाचा कर्ता म्हणून. परिषदा, चर्चासत्रं, गळ्यात नावाची पाटी, पाण्याची छोटी बाटली. 'यंत्रांच्या जगात माणसाची नजर' या विषयावर तो पहिल्यांदा बोलला तेव्हा खाली मान घालून बोलला. दुसऱ्यांदा मान सरळ होती. पाचव्या वेळेपर्यंत त्याला आठवायला लागलं, की हा विचार त्याच्या मनात लहानपणापासूनच होता.

अशाच एका परिषदेत त्याला भागीदार भेटला. तो इंजिनिअर होता, बाहीवर कंपनीचं चिन्ह नसलेला शर्ट त्याच्याकडे नव्हता, आणि कशालाही तो 'संधी' म्हणायचा. आगीलासुद्धा. परंतुने सरकारी नोकरी सोडली आणि दोघांनी मिळून कंपनी काढली. फर्निचरच्या एका बंद पडलेल्या दुकानात दोनशे दहा खुर्च्या मांडल्या. प्रत्येक खुर्चीसमोर पडदा, प्रत्येक पडद्यावर कुणाची तरी वेबसाइट. दाराशी डॉक्टर. तो सकाळी प्रत्येकाचा रक्तदाब बघून सुदृढपणाचा शिक्का मारायचा. पहारेकरी जागा आहे हे सिद्ध व्हावं म्हणून दर सात मिनिटांनी हिरवं बटण दाबायचं. हे बटण भागीदाराच्या डोक्यातून निघालं होतं आणि त्यालाच ते तंत्रज्ञान म्हणत. पाण्याच्या पंपांची चार चित्रं असलेल्या एका वेबसाइटसमोर इतिहासात एम. ए. केलेला एक माणूस सहा वर्षं बसला होता. पंप हलत नव्हते, तोही हलत नव्हता. कंपनीला नवकल्पनेचं पारितोषिक मिळालं. काचेचं होतं आणि आत एक बुडबुडा होता.

ज्यांना पहारेकरी परवडले त्यांनी ठेवले. बाकीचे बंद झाले. जुन्या रेडिओंचे सुटे भाग सुचवणारे, पत्राने बुद्धिबळ खेळणारे, पक्ष्यांच्या आवाजांवर भांडणारे. कुणी ओरडलं नाही, कारण ओरडायची जागा तीच होती.

ताईचा फळा मात्र चालू राहिला. तो कुणाच्या नजरेत आला नव्हता इतकंच.

भावजींची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. शहरात तीन केंद्रं आणि एकोणीस मशीन. कुणी आजारी पडून दुसरीकडे भरती झाला, कुणी गावाला गेला, कुणी वारला, की एखादं मशीन त्या दिवशी रिकामं राहायचं. पण ते कुणाला कळायचं नाही, कारण केंद्रातला फोन उचलायचा नाही असा जणू तिथला नियमच होता. ताईची अर्धी हयात फोन जोडण्यात गेली होती. तिने तिन्ही केंद्रांतल्या नर्सबायकांशी ओळख काढली, शेजारच्या कॉलेजातल्या मास्तरणीकडून एक साधं वेबपान, हाच तो फळा, करून घेतलं, आणि रोज सकाळी सहा वाजता त्यावर लिहायला लागली: कुठलं केंद्र, कुठलं मशीन, किती वाजता. भावजी गेले. फळा राहिला. आता त्यावर तीनशे चाळीस माणसं होती. खरी नावं कुणाचीच नव्हती. निळा स्वेटर, मांजरवाली, घाईत असलेला मास्तर. बऱ्याच जणांनी आजार कचेरीत लपवला होता, एकाने तर बायकोपासूनही.

एका केंद्राचं मशीन बिघडल्याचं ताईने फळ्यावर लिहिलं, केंद्रवाल्यांना राग आला, आणि तक्रार गेली. निरीक्षकाने नोटीस आणून दिली. तीस दिवसांत सुदृढ पहारेकरी नेमा, नोंदवही ठेवा, नाहीतर बंद करा.

परंतु ताईकडे गेला तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला निवडलेली भाजी, मध्ये नोटीस.

"या, वकीलसाहेब," ताई म्हणाली. "तुमच्या नावाने पत्र आलंय माझ्या घरी."

"ताई, यात काही नाही. मी उद्या माझा एक माणूस देतो. काही द्यायचं नाही तुला. तो बसेल, बघेल."

"काय बघेल?"

"म्हणजे कोण येतं, कोण जातं. नोंद ठेवेल."

"नावं?"

"पूर्ण नाव, पत्ता. नियमच आहे तो."

"मांजरवाली बँकेत आहे. तिच्या साहेबाला कळलं तर तिला बढती सोड, खुर्ची देणार नाहीत. तुझा माणूस तिचं नाव लिहिणार. का? तिला सकाळी साडेसातचं मशीन हवंय म्हणून?"

"वही कुलपात राहते."

"अरे, मी टेलिफोन खात्यात होते. कुलपात काय काय राहतं ते मला सांगू नकोस."

परंतुने थोडा विचार केला. "मग तूच पहारेकरी हो. चालक स्वतः असला तर चालतं. वहीचं बघू मागाहून."

"झालंय ते करून. गेले होते परवा डॉक्टरकडे. गुडघे दोन्ही गेलेत, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, रक्तदाब तर त्याने दोनदा मोजला, पहिल्यांदा त्याचा विश्वासच बसेना. मी सुदृढ नाही असं लिहून दिलंय." ताईने भाजी बाजूला सारली. "आजारी माणसांच्या दारात सुदृढ माणूस हवा कशाला, एवढंच मला सांग. मी त्याला अकरा वर्षं हेच विचारणार होते, ज्याने हे लिहिलं त्याला."

"मीच लिहिलं."

"सगळे तेच म्हणतात. मला पटत नाही. तुझे निबंध मी वाचलेत. कंटाळवाणे असायचे, मूर्ख नसायचे."

परंतुने खुर्ची ओढून घेतली. समोर अडतीस पानांचं निकालपत्र नव्हतं, बुडबुड्याचं पारितोषिक नव्हतं, नुसतं फ्रिजचं घुरघुरणं होतं. त्याने सांगितलं. लॉजचे नियम, लाल पेन, आठवं, नववं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सांगताना त्याच्या लक्षात आलं की गोष्ट फार लहान आहे. चहा निवायच्या आत संपली.

ताई हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"म्हणजे कापायला ठेवलेलं."

"हो."

"आणि कुणी कापलं नाही."

"नाही."

"मग तू काप."

"ताई, ते आता तसं राहिलं नाही. दोनशे दहा माणसं आहेत माझ्याकडे."

"माझ्याकडे तीनशे चाळीस आहेत," ताई म्हणाली. "आणि तुझी बसलेली आहेत."

फळ्याऐवजी फोनवर चालतंय का ते तिने एक दिवस करून पाहिलं. सहा ते दहा फोन सतत वाजत होता. साडेआठचं मशीन रिकामं आहे हे निळ्या स्वेटरला दहाला कळलं, तोवर मशीन दीड तास रिकामं उभं होतं आणि तो दोन गल्ल्या पलीकडे सुजलेल्या पायांनी नंबर फिरवत होता. हा नंबर सध्या व्यस्त आहे. ताईने संध्याकाळी परंतुला फोन करून एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

नेमकी त्याच महिन्यात नियमांचा फेरविचार करायला समिती बसली होती. अशा समित्या दर दहा वर्षांनी बसतात, आणि बसणं हे त्यांचं मुख्य काम असतं. अध्यक्ष निवृत्त मोठे साहेब. दुसरं कोण असणार? तज्ज्ञ साक्षीदार म्हणून परंतुला बोलावणं होतं.

"आपण दोन पहारेकरी मागायचे," भागीदार म्हणाला. दोघे काचेच्या खोलीत बसले होते; काचेपलीकडे दोनशे दहा पाठी. "एका पहारेकऱ्यावर पहारा ठेवायला दुसरा. तर्कशुद्ध आहे. जागा दुप्पट होतात."

"आणि दुसऱ्यावर?"

"ते पुढच्या फेरविचारात." भागीदाराला विनोद कळला नव्हता. "का रे? चेहरा का असा?"

"ते कलम चुकीचं आहे."

"असेल ना. आपल्याला काय त्याचं? चुकीचंच आहे म्हणून तर आपण आहोत. बरोबर असतं तर कुणीही केलं असतं."

परंतुने काचेतून पाहिलं. सात मिनिटं झाली होती. दोनशे दहा हात एकदम हलले, दोनशे दहा बटणं दाबली गेली, आणि पुन्हा सगळं स्थिर झालं, तळ्यात खडा पडून बुडावा तसं. हे आपण निर्माण केलं, असं त्याच्या मनात आलं. एक न खोडलेली ओळ, आणि तिच्यात माणसं राहायला आली.

समितीची खोली थंडगार होती. लांब टेबल, पाच सभासद, त्यातले तीन आपापल्या फोनमध्ये. प्रत्येकापुढे लाल दिव्याचा माइक. मोठे साहेब निवृत्तीनंतर जरा गोरे दिसत होते.

"मला आठवतंय," साहेब कौतुकाने म्हणाले, "हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मी म्हणालो होतो, उत्तम आहे."

"म्हणाला होतात, साहेब," परंतु म्हणाला. "ते तुम्ही कापावं म्हणून ठेवलं होतं."

फोनमधल्या तिघांपैकी एकाने मान वर केली.

"म्हणजे?"

"मसुदा शाखेत तशी पद्धत आहे. एक कलम मूर्खासारखं ठेवायचं. साहेब ते कापतात आणि बाकीचं वाचतं. तुम्ही शेजारचं कापलंत आणि हे ठेवलंत. ते लॉजच्या नियमातलं आहे, जसंच्या तसं. प्रवेशद्वार म्हणजे लॉजचं दार. पहारेकरी म्हणजे लॉजचा पहारेकरी. त्यात दुसरा काहीही विचार नाही."

आता तिन्ही माना वर होत्या. साहेबांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिता झाकण लावलं. माणूस सभ्य होता. इतकी वर्षं खुर्चीत बसल्यावर सभ्यपणा अंगातच जातो.

"मी कापलं नाही, हा माझा दोष?"

"नाही, साहेब. मी ठेवलं हा माझा."

"आणि त्याच दिवशी मला सांगितलं नाहीत."

"तोही माझा."

"आणि गेली सहा वर्षं त्यावर कंपनी चालवलीत."

"तोही," परंतु म्हणाला. दोषांची यादी इतकी सुबक चालली होती, की त्याला क्षणभर वाटलं आपण मसुदाच वाचतोय.

"फाइलमध्ये तर लिहिलंय की हे कलम सखोल विचारांती मंजूर झालं," कोपऱ्यातल्या सभासद बाई म्हणाल्या.

"ते वाक्यही जुन्या फाइलमधलं आहे, मॅडम."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी फाइल मिटली. शेवटी ठरलं, की साक्षीदाराने जे सांगितलं ते लिहून द्यावं. नुसत्या बोलण्यावर समिती काही काढू शकत नाही; समिती काढते ते कागदावरून. शिपायाने एक कागद आणून परंतुपुढे ठेवला. तो कोरा होता.

एकोणीस वर्षांत असा कागद त्याच्यापुढे आला नव्हता. त्याच्यात खोडायला काही नव्हतं. वर लिहायला खाली काही नव्हतं. परंतु बराच वेळ बघत बसला. खोलीतल्या पाच माणसांच्या श्वासांचा आवाज त्याला ऐकू यायला लागला. मग त्याने लिहिलं: 'नववे कलम मी निष्काळजीपणाने राहू दिले. ते चूक आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्यामुळे मला फायदा झाला व इतरांचे नुकसान झाले. ते काढावे.' चार वाक्यं. निबंध सोडले तर कोऱ्या कागदावर लिहिलेली पहिली. त्यांत एकही परंतुक नव्हतं. त्याने सही केली आणि कागद शिपायाकडे दिला.

सरकार चपळ नसतं, पण लाज वाटली की बरंच भरभर चालतं. राजपत्रात एक ओळ छापून आली, 'कलम नऊ वगळण्यात येत आहे'. क्रमांक आठवं कापलं तेव्हाही कुणी बदलले नव्हते आणि आताही नाहीत, त्यामुळे आता सातानंतर थेट दहा येतो. पुढेमागे एखादा विद्वान त्या रिकाम्या जागेवर प्रबंध लिहील आणि त्याला पदवी मिळेल.

मात्र नोटिशीची मुदत आणि राजपत्र यांच्यात अकरा दिवस गेले. ताईने मुदतीच्या दिवशी सकाळी फळा बंद केला. तिने आयुष्यात कधी सरकारचा नियम मोडला नव्हता, भावाचासुद्धा नाही. त्या अकरा दिवसांत पाच मशीन सकाळभर रिकामी राहिली, आणि निळा स्वेटर एक पाळी हुकल्यामुळे छातीत पाणी होऊन तीन दिवस अतिदक्षता विभागात होता. तो वाचला. परंतुने हे ऐकलं तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की निःश्वास टाकायचा हक्क त्याला कुणी दिलेला नाही.

कंपनी साक्षीनंतर महिन्याभरातच मिटली. भागीदाराने याला संधी म्हटलं आणि दुसऱ्या शहरात निघून गेला. जाताना पारितोषिक नेलं. शेवटच्या दिवशी दोनशे दहा माणसं खुर्च्यांमधून उठली. काहींना इतक्या वर्षांनी उठून नेमकं कुठे जायचं ते सुचेना. पंपांसमोरचा एम. ए. परंतुजवळ आला.

"साहेब, तुम्हीच लिहिलं, तुम्हीच खोडलं," तो शांतपणे म्हणाला. "मधल्या सहा वर्षांचं आम्ही काय सांगायचं लोकांना?"

परंतुने तोंड उघडलं. निकालपत्रं, भाषणं, चर्चासत्रं, सगळं पाठ होतं. त्यातलं काहीही त्या माणसाला द्यायच्या लायकीचं नव्हतं. "माझं नाव सांगा," तो शेवटी म्हणाला. एम. ए.ने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती, आणि तो पंपांच्या पडद्याकडे एकदा बघून बाहेर पडला.

फळा पुन्हा सुरू झाला त्या सकाळी परंतु ताईकडे राजपत्राची प्रत घेऊन गेला. आता त्याला कचेरी नव्हती, त्यामुळे सहाला पोचणं जमलं. ताईने दार उघडलं, प्रत हातात घेतली, न वाचता भाजीच्या टोपलीखाली सरकवली आणि परत कॉम्प्युटरपुढे बसली. गुडघ्यांवर शेकायची पिशवी, डाव्या डोळ्यावर हात, उजवा डोळा पडद्याला टेकलेला.

"तू समितीला काय लिहून दिलंस ते पेपरात वाचलं," ती टाइप करता करता म्हणाली.

"हं."

"बरं लिहिलंय. कंटाळवाणं आहे."

एवढ्यात फोन वाजला. तिने तो खांद्यात धरला, नर्सबाईंचं ऐकलं, "सात नंबर का गं? नक्की?" असं विचारलं आणि ठेवला. पडद्यावर एक ओळ आधीच येऊन थांबली होती. निळा स्वेटर विचारत होता, आज कुठे आहे का, घरी सोडलंय कालच.

परंतु मागे उभा राहून वाचत होता. ताईने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहायला सुरुवात केली: दुसरं केंद्र, मशीन सात, साडेआठ. थोडं खाऊन जा.

"जरा सरक," ती मागे न बघता म्हणाली. "उजेड अडतोय."

तो सरकला.